टिकणारा उत्प्रेरक : प्रस्तावना

शाळेच्या पुस्तकात उत्प्रेरकाची व्याख्या दोन वाक्यांत संपते. तो अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि अभिक्रिया संपल्यावर स्वतः जसाच्या तसा उरतो. पहिले वाक्य खरे आहे. दुसरे परीक्षेपुरते खरे आहे. कारखान्याच्या शटडाउनमध्ये रिअ‍ॅक्टर उघडताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. भरताना पांढरट दिसणाऱ्या गोळ्या बाहेर येतात तेव्हा कार्बनने काळ्या पडलेल्या असतात, काहींचा भुगा झालेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सुटे सुटे बसवलेले धातूचे कण एकमेकांना चिकटून मोठे झालेले दिसतात. या संग्रहातले लेख खत, गाड्यांचा धूर, डिझेलमधले गंधक, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड अशा वेगवेगळ्या विषयांवर असले, तरी माझ्या वाचनात त्यांना जोडणारा धागा हाच आहे. ऊर्जा आणि पर्यावरणाच्या कामासाठी घन उत्प्रेरक घडवणे म्हणजे निम्म्याहून अधिक काम त्याच्या म्हातारपणाची तरतूद करण्याचे आहे. वेगाचे विक्रम नियतकालिकांत छापून येतात. धुराड्यात आणि रिफायनरीत निकाल लागतो तो आयुष्यावर.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा, कारण पाण्यावर चालणाऱ्या गाडीची बातमी आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी येतेच. उत्प्रेरक ऊर्जा निर्माण करत नाही. जी अभिक्रिया ऊर्जेच्या हिशेबात उताराला लागलेली आहे, तिच्या वाटेतला चढ तो कमी करतो, एवढेच. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायचे तर लागणारी ऊर्जा बाहेरून द्यावीच लागते. चांगला उत्प्रेरक त्या व्यवहारातली गळती कमी करतो, मूळ किंमत माफ करत नाही. अभिक्रिया कुठपर्यंत जाऊन थांबेल, म्हणजे तिचे संतुलन कुठे असेल, यालाही त्याला हात लावता येत नाही.

घन उत्प्रेरकाचे सगळे काम पृष्ठभागावर चालते. वायूचे रेणू येऊन पृष्ठभागावरच्या अणूंना चिकटतात, त्यांचे जुने बंध सैल होतात, नवे जुळतात आणि तयार झालेला रेणू निघून जातो. धातूच्या तुकड्याच्या आतले अणू या कामात रिकामे बसून असतात, म्हणूनच महाग धातू काही नॅनोमीटरच्या कणांत पसरून अ‍ॅल्युमिनासारख्या सच्छिद्र आधारावर बसवतात. अशा अ‍ॅल्युमिनाच्या एका ग्रॅमला शंभर चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग असतो. मग कोणता धातू निवडायचा? फ्रान्समधल्या तुलूझचे पॉल साबातिए यांनी निकेलवर हायड्रोजन जोडण्याच्या अभिक्रिया अभ्यासल्या. त्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल मिळाले. डालड्याच्या डब्यामागचे रसायनशास्त्र तेच. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व साधे आहे : पृष्ठभागाने रेणू फार सैल धरला तर काही घडत नाही, फार घट्ट धरला तर तो जागा अडवून बसतो. पाहुण्याने यावे, चहा घ्यावा आणि वेळेत निघावे, असा हा हिशेब आहे. धातूंची ही पकड आडव्या अक्षावर आणि अभिक्रियेचा वेग उभ्या अक्षावर मांडला, तर मधे टोक आणि दोन्हीकडे उतार असलेला आलेख मिळतो. संशोधक त्याला ज्वालामुखी म्हणतात. पाण्यातून हायड्रोजन सोडवण्याच्या आलेखात टोकाजवळ प्लॅटिनम बसते. निसर्गाने स्वस्त धातू टोकावर ठेवण्याची काळजी घेतलेली नाही.

या क्षेत्राची सुरुवात समजून घ्यायची तर अमोनियाकडे जावे लागते. जुलै १९०९ मध्ये कार्ल्सरूहे इथे फ्रित्झ हाबर यांनी बाडिश अ‍ॅनिलिन कंपनीच्या लोकांना नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया थेंबाथेंबाने गळताना दाखवला. उत्प्रेरक होता ऑस्मियम. कंपनीने जगात विकत मिळू शकणारा त्याचा बहुतेक साठा ताब्यात घेतला, पण तेवढ्यावर उद्योग उभा राहणार नाही हे कंपनीच्या कार्ल बॉश यांना दिसत होते. त्यांचे सहकारी आल्विन मिटाश यांच्याकडे पर्याय शोधण्याचे काम आले. त्यांच्या गटाने लहान लहान उच्च दाबाच्या नळ्या रांगेने लावल्या आणि जे हाताला लागेल ते तपासायला सुरुवात केली. १९१२ पर्यंत सुमारे २,५०० पदार्थ आणि ६,५०० चाचण्या झाल्या. गंमत अशी, की उत्तराचा धागा पहिल्या काही महिन्यांतच सापडला होता. स्वीडनमधल्या येलिव्हारेच्या खाणीतले मॅग्नेटाइट हे लोहखनिज अनपेक्षितपणे चांगले चालले, शुद्ध लोखंड मात्र चालत नव्हते. म्हणजे गुण लोखंडाच्या अशुद्धीत होता. शोध घेता घेता अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणि पोटॅशियम ही नावे पुढे आली. पोटॅशियम नायट्रोजनचा बंध तोडायला मदत करते. अ‍ॅल्युमिना स्वतः काहीच करत नाही, फक्त लोखंडाचे कण तापून एकमेकांत मिसळू देत नाही. मला यातला अ‍ॅल्युमिना जास्त महत्त्वाचा वाटतो. एवढ्या तापमानात आणि दाबात हा लोखंडी उत्प्रेरक दहा-दहा वर्षे काम करू शकतो, तो त्याच्यामुळे.

१९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला अमोनियाचा कारखाना सुरू झाला आणि आज अलिबागजवळ थळला किंवा ट्रॉम्बेला अमोनिया तयार होतो त्यामागचा उत्प्रेरक त्याच घराण्यातला आहे. जगाच्या निम्म्या लोकसंख्येचे अन्न या नायट्रोजनवर पिकते असा अंदाज आहे. पण लोखंडावर नेमके काय घडते ते कळायला आणखी सहा दशके गेली. गेरहार्ड एर्टल यांनी सत्तरच्या दशकात अतिनिर्वात पेटीत लोखंडाच्या स्वच्छ स्फटिकावर एकेक पायरी मोजली आणि नायट्रोजनचा रेणू तुटणे हीच सगळ्यांत मंद पायरी आहे हे दाखवले. त्यांना नोबेल मिळाले २००७ साली. आधी चालणारा उत्प्रेरक, मग त्याचे कारण. या विषयाच्या इतिहासात हा क्रम इतक्या वेळा आला आहे, की ‘रचना’ हा शब्द वापरताना थोडा संकोच हवा. संगणकावर धातूंच्या पकडीचे आकडे काढता येऊ लागले, डेन्मार्कमध्ये येन्स नॉर्स्कोव्ह यांच्या गटाने त्याला शिस्त दिली आणि मिटाश यांच्यासारखी आंधळी चाळणी आता करावी लागत नाही, हे मान्य. तरीही संगणक सांगतो ते ताज्या, स्वच्छ पृष्ठभागाबद्दल. हजार तासांनंतरच्या पृष्ठभागाबद्दल तो अजून बराचसा गप्प आहे.

अमोनियाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट उत्साही संशोधकांनी ध्यानात ठेवावी. या उद्योगाला जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी सुमारे २ टक्के ऊर्जा लागते. ती कमी करायची म्हणून कमी तापमानावर चालणारा नवा उत्प्रेरक हवा, असे प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेले असते. पण त्यातला मोठा वाटा नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्यात जातो. तिथे निकेलवर आठशे-नऊशे अंश तापमानात काम चालते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तोही तिथूनच. अमोनियाचा उत्प्रेरक कितीही सुधारला तरी हायड्रोजन कुठून आणला हा प्रश्न तसाच राहतो. उत्प्रेरक घडवण्याआधी कोणता चढ उतरवायचा आहे हे नीट ठरवणे हाही रचनेचाच भाग आहे.

पर्यावरणाच्या बाजूने पाहिले तर माझ्या मते आजवरचा सर्वांत यशस्वी घन उत्प्रेरक आपल्या पेट्रोल गाडीच्या खाली लटकलेला आहे. त्याच्यावर थोडे जास्त लिहितो. कल्पना जुनी आहे. युजीन हौड्री या फ्रेंच अभियंत्याने तीसच्या दशकात अमेरिकेत जड खनिज तेल मातीसदृश उत्प्रेरकावर फोडून पेट्रोल करण्याची पद्धत बसवली. पुढे लॉस एंजेलिसच्या धुरक्याबद्दल वाचून त्याच हौड्रींनी पन्नासच्या दशकात गाडीच्या धुरासाठी उत्प्रेरकी डबा तयार केला. तो चालला नाही. कारण पेट्रोलमध्ये शिसे होते. इंजिन खडखडू नये म्हणून घातलेले शिसे प्लॅटिनमवर बसून त्याला निकामी करत असे. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा झाला, शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा कुठे १९७५ च्या गाड्यांना असे डबे, म्हणजे कन्व्हर्टर, बसले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. त्यासाठी पंपांवर वेगळे शिसेविरहित पेट्रोल ठेवावे लागले, आणि २००० साली शिसे देशभर बंद झाले. शिसे मुलांच्या मेंदूसाठी विष आहे हे ठाऊक असूनही ते पेट्रोलमधून गेले ते बऱ्याच अंशी उत्प्रेरकालाही ते विष होते म्हणून. हा योगायोग मला कधीकधी अस्वस्थ करतो.

त्या डब्याच्या आत कॉर्डिएराइट या चिनीमातीची एक वीट असते. तिला आरपार हजारो बारीक चौकोनी वाहिन्या. कॉर्डिएराइट निवडले कारण ते तापल्यावर फारसे प्रसरण पावत नाही, थंड इंजिन एकदम तापले तरी तडकत नाही. वाहिन्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा लेप आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम मिळून काही ग्रॅम. कामे तीन आणि त्यांतले एक उरलेल्या दोघांच्या विरोधात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन जाळायला ऑक्सिजन हवा. नायट्रोजनच्या ऑक्साइडांतला ऑक्सिजन मात्र काढून घ्यायचा आहे. हे तिन्ही एकाच वेळी जमते ते हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच. इंजिन पायाखालच्या पेडलनुसार सतत या रेषेच्या दोन्ही बाजूंना हेलकावत असते. म्हणून सेरियम ऑक्साइड, म्हणजे सेरिया, घातले. ऑक्सिजन जास्त झाला की ते साठवून ठेवते, कमी पडला की सोडते. प्रत्यक्ष अभिक्रिया घडवणाऱ्या धातूंपेक्षा हे सेरिया, ते कॉर्डिएराइट आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा छोटा सेन्सर यांनी हा उत्प्रेरक जगण्यालायक केला. प्रयोगशाळेत एकट्या धातूची भुकटी घेऊन वेग मोजणाऱ्यांना हे चित्र दिसत नाही.

इथे सोन्याची गोष्ट सांगितली पाहिजे. सोने रासायनिकदृष्ट्या आळशी, ही समजूत १९८७ मध्ये जपानच्या मासाताके हारुता यांनी मोडली. पाच नॅनोमीटरहून लहान सोन्याचे कण योग्य ऑक्साइडवर बसवले तर ते शून्याखाली सत्तर अंशांवरही कार्बन मोनॉक्साइड जाळतात. नेहमीच्या प्लॅटिनम उत्प्रेरकांना हे जमत नाही. मग गाडीत सोने का नाही? कारण धुराच्या उष्णतेत ते कण एकत्र येतात आणि सोने पुन्हा आळशी होते. एकेक अणू सुटा बसवलेल्या उत्प्रेरकांबद्दल २०११ पासून, चीनमधल्या दालियानच्या कामानंतर, खूप लिहिले गेले आहे. एकही अणू वाया जात नाही हे खरे, पण सुटे अणू तापमानात भटकतात. २०१६ मध्ये सेरियाच्या पृष्ठभागावर आठशे अंशांनाही प्लॅटिनमचे अणू अडकवून ठेवता येतात असे दिसले, तेव्हा मला या कल्पनेत पहिल्यांदा दम वाटला.

डिझेलची गोष्ट गंधकाची आहे. ऐंशीच्या दशकात आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांमध्ये मर्यादा आहे दहा भागांची. माहुलच्या रिफायनऱ्यांपासून देशभर सगळीकडे यासाठी गंधक काढण्याची युनिटे वाढवावी लागली. तिथला उत्प्रेरक म्हणजे अ‍ॅल्युमिनावर बसलेले मॉलिब्डेनम सल्फाइडचे अतिसूक्ष्म पापुद्रे, त्यांत थोडे कोबाल्ट. डेन्मार्कचे हेन्रिक टॉप्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकापासून दाखवत आणले, की पापुद्र्याचा मधला भाग निकामी असतो, काम कडांवर चालते आणि कोबाल्ट जाऊन बसते तेही कडेवरच. पुढे तिथल्याच आर्हुसमध्ये त्या कडांचे अणू चित्रात दिसले. शेवटचे गंधक काढणे कठीण, कारण ते ज्या रेणूंत असते त्यांत दोन्ही बाजूंचे मिथिल गट गंधकाला झाकून टाकतात. इथे एक गोष्ट उलटी आहे : प्लॅटिनमला मारणारे गंधक या उत्प्रेरकाला अंगात हवेच असते. विष कोणाला विष हे ज्याच्या त्याच्या घडणीवर ठरते.

गंधक गेल्यावर मग डिझेलच्या धुरात नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी उत्प्रेरक बसवता आला. ट्रकवाले ज्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात ते डीईएफ हे युरियाचे द्रावण धुरात फवारले जाते, त्याचा अमोनिया होतो आणि तांबे घातलेल्या झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या स्फटिकावर तो नायट्रोजन ऑक्साइडांना नायट्रोजनमध्ये बदलतो. आधी यासाठी वापरलेले मोठ्या छिद्रांचे झिओलाइट गरम वाफेत ढासळत. चाबाझाइटच्या साच्यातला, चार अँगस्ट्रॉमहूनही लहान खिडक्यांचा झिओलाइट टिकला. नैसर्गिक चाबाझाइट आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत सापडते. नाशिक, जळगाव, पुणे भागात विहीर किंवा खाण खोदताना निघणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट हे त्याचे भाऊबंद सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन पाहता येतात. अर्थात खाणीतला दगड तसाच ट्रकखाली बसवता येत नाही. त्यात अ‍ॅल्युमिनियम फार असते, म्हणून वाफेत तो लवकर मोडतो. सिलिका वाढवून तोच साचा कृत्रिमरीत्या घडवावा लागतो. झिओलाइट घडवण्यात आपली कामगिरी लहान नाही. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला एन्सिलाइट हा झायलिनांच्या प्रक्रियेचा झिओलाइट उत्प्रेरक ऐंशीच्या दशकात बडोद्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात चालला. काचेच्या नळीतल्या काही ग्रॅमपासून टनापर्यंतचा प्रवास देशात पूर्ण झाल्याचे ते उदाहरण आहे.

हायड्रोजनवरचे लेख या संग्रहात सर्वाधिक आहेत, त्यामुळे मी थोडक्यात आटोपतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे आहे. आम्लधर्मी पटलाच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये ऑक्सिजनच्या बाजूला टिकतो तो जवळजवळ फक्त इरिडियम. त्याचे जगाचे वार्षिक उत्पादन सात-आठ टनांच्या घरात आहे. आजच्या पद्धतीत एका गिगावॉटला सुमारे ४०० किलो लागते असे धरले, तर सगळे इरिडियम आपणच घेतले तरी वर्षाला वीस गिगावॉटच्या आसपासच थांबावे लागेल. म्हणून इरिडियम कमी करण्याचे काम आवश्यक आहे. निकेलवर चालणारे क्षारीय इलेक्ट्रोलायझर शंभर वर्षांहून जुने आहेत हेही विसरू नये. नवीन नसल्यामुळे त्यांच्यावर लेख कमी येतात, एवढाच त्यांचा दोष.

कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करता येते. तांबे आणि जस्त ऑक्साइडचा उत्प्रेरक साठच्या दशकापासून उद्योगात आहे, आणि आइसलँडमध्ये २०१२ पासून भूऔष्णिक केंद्राच्या कार्बन डायऑक्साइडवर असा कारखाना चालवला गेला. अडचण उत्प्रेरकापेक्षा स्वस्त हायड्रोजनची आहे, शिवाय तयार होणारे पाणी तांब्याचे कण मोठे करत राहते. सूर्यप्रकाशात पाणी फोडणाऱ्या भुकटीबद्दल मी जरा संशयी आहे. जपानच्या काझुनारी डोमेन यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम टायटानेटवर जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामाला लावून दाखवला, पण तो जंबुपार प्रकाश होता, सूर्यप्रकाशातला छोटा वाटा. शंभर चौरस मीटरच्या उघड्यावरच्या पॅनलांवर त्यांची सौर कार्यक्षमता एक टक्क्याखाली राहिली. त्यांनी हा आकडा लपवला नाही, हे या कामाचे मला सर्वांत आवडलेले अंग.

हे लेख वाचताना प्रत्येक ठिकाणी काही प्रश्न हाताशी ठेवा. उत्प्रेरक किती तास चालवून पाहिला? बाटलीतल्या शुद्ध वायूवर की ओलसर, धुळकट, गंधक असलेल्या वायूवर? महाग धातू किती आणि तो शेवटी परत मिळवता येतो का? या प्रश्नांची उत्तरे नसलेले काम वाईट नसते, फक्त ते अजून कारखान्यापासून दूर असते. मी स्वतः ज्या प्रश्नावर काम करणारे तरुण हात पाहू इच्छितो तो मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरच आहे. सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षा आणि बसमधून थोडा मिथेन न जळता निसटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. संपृक्त हायड्रोकार्बनांत मिथेनचा बंध सर्वांत चिवट. त्यासाठी पॅलेडियम हा आजचा उत्तम उत्प्रेरक, पण थोडा जुना झाला की चारशे अंशांखाली तो फारसा हलत नाही, धुरातली वाफ त्याला मंदावते आणि किंचित गंधकही त्याला झोपवते. आणि गळती झाली तर नाकाला कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम घातलेला वासाचा मर्कॅप्टन हे गंधकाचेच संयुग आहे. तो काढता येणार नाही. वाफ आणि गंधक दोन्ही सोसून तीनशे अंशांवर मिथेन जाळणारा, आणि पॅलेडियम आजच्यापेक्षा कमी लागणारा उत्प्रेरक अजून कोणी घडवलेला नाही.